किरकोळ कारणावरून

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

सिडकोत माझं औषधाचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. पत्र दोघांना मिळून लिहितोय, कारण मला जे सांगायचंय ते एका खात्यात मावत नाही. आणि खुलं लिहितोय, कारण आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही ते वाचावं.

ऑक्टोबर 2025 मध्ये पोलिसांनी शहरातल्या भाईलोकांना उचलून त्यांच्याकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेतलं. ते व्हिडिओ मी पाहिले. खोटं कशाला बोलू, सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मीच टाकला. रात्री दहाला शटर ओढताना मागे बाइक थांबली की मान आपोआप वळते, असे दिवस आम्ही दुकानदारांनी काढलेत. त्यामुळे मोहीम हवीच होती, आणि हे पत्र तिच्याविरुद्ध नाही. पण त्या व्हिडिओंमधले चेहरे बघता बघता माझा अंगठा एका ठिकाणी थांबला. ओळखीचा चेहरा नव्हता. फक्त वय ओळखीचं होतं, आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं. अशी वर्तुळं काउंटरच्या पलीकडून मी रोज बघतो.

2014 पासून आम्हाला शेड्यूल एच-वनची, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशा काही औषधांच्या यादीची, वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, एवढं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. अल्प्राझोलम आणि डायझेपाम या भीती शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीन हे सगळं त्यात येतं. नियम चांगला आहे. त्यात एक रकाना मात्र नाही: कशासाठी. तुमच्या एफआयआरमध्ये निदान कारण लिहिलेलं असतं. पण तेही बहुतेक वेळा दोनच शब्दांत, आणि पेपरवाले तेच उचलतात. ‘किरकोळ कारणावरून तरुणावर कोयत्याने वार.’ वीस वर्षं ही ओळ वाचतोय. ते किरकोळ कारण कधी कळतच नाही.

एकदा कळलं. ते सांगतो.

एप्रिल 2021. गोळे कॉलनीतल्या औषध बाजारात कोविडच्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनसाठी लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. बंदोबस्त तुमचाच होता. आमच्या गल्लीतला एक मुलगा, आठवीतला, त्या रांगेत रात्रभर उभा होता. वडील अंबडच्या कंपनीत हेल्पर, दवाखान्यात ऑक्सिजनवर. आई पॉझिटिव्ह, घरात बंद. काका गावाकडे, ते आले नाहीत. तेव्हा कुणाचेच काका येत नव्हते, त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एक व्हायल मिळाली. शेजारच्या काकूंच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात ठेवून तो सायकलवर दवाखान्यात पोचला. त्या पावडरीला बर्फ लागत नाही, तीस अंशांच्या खाली ठेवली की पुरते. पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वडील तासाभरापूर्वी गेले होते. चेहरा बघायला मिळाला नाही. अमरधामला, स्मशानभूमीत, नंबर होता, आणि नंबर येईपर्यंत तो बाहेर फूटपाथवर बसून होता.

दहा-बारा दिवसांनी तो दुकानात आला. व्हायल काउंटरवर ठेवली. “काका, हे परत घ्याल का?”

मी म्हणालो, बिल माझ्याकडचं नाही, परत घेता येत नाही. नियमाने बरोबरच बोललो. त्याने मान हलवली, व्हायल तिथेच ठेवली आणि गेला. काउंटरवर गर्दी होती. मी हाक मारली नाही.

पुढच्या महिन्यात त्याची आई चिठ्ठी घेऊन आली. अल्प्राझोलम 0.25, पाच दिवस, तिच्या नावाने. गोळ्या घेताना तिने विचारलं, “पोरगा रात्री ओरडत उठतो. त्याला अर्धी देऊ का?”

“द्या दोन-चार दिवस,” मी म्हणालो. “काही होत नाही.”

पाच दिवसांची ती चिठ्ठी माझ्या दुकानात किती महिने चालली, हे मी सांगू शकत नाही. त्या नोंदी माझ्या वहीत नाहीत. याचा अर्थ तुम्हाला आणि एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कळतो. ओळखीची माणसं, घरात दुःख, चिठ्ठीवर पुन्हा शिक्का आणायला कुठे पाठवायचं, असं म्हणत दिल्या. धंद्यातल्या माझ्या बंधूंनो, तुम्हीही दिल्यात.

त्या मुलाला झालं होतं त्याला आपल्याकडे साधा शब्द आहे: धसका. “पोराने धसका घेतला,” असं त्याची आजी म्हणायची. मिरच्या-मीठ ओवाळून झालं, दंडात दोरा बांधून झाला. आजीचं निदान मात्र अचूक होतं. डॉक्टरांच्या पुस्तकात हा आजार 1980 मध्ये पीटीएसडी या स्वतंत्र नावाने आला. आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून तो ओळखतात. मोठा धक्का बसला की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, आणि काहींच्या बाबतीत ती नंतर थांबतच नाही. धोका टळलेला असतो, शरीराला ते कळत नाही. झोप तुटते, दचकणं सुरू होतं, छातीत धडधड. कुणी मोठ्याने बोललं की हात आधी उठतो, डोकं नंतर चालतं. वर्गात लक्ष लागत नाही, मग मास्तर म्हणतात आळशी आहे. घरी चिडतो, मग काका म्हणतात वळण नाही.

अशा माणसाला अल्प्राझोलम दिली की ती घंटा तासाभरात गप्प होते. म्हणूनच ती धोक्याची. लवकर चढते, लवकर उतरते, आणि काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते. मग बंद केली की मूळची भीती दुपटीने परत येते. मोठा डोस अचानक तोडला तर फिटसुद्धा येऊ शकते. मोठ्या धक्क्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या त्रासासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितलंय. मी फार्मसीचा पदविकाधारक आहे, परवाना भिंतीवर लटकतोय, आणि हे मी वाचलं ते 2024 मध्ये, तो मुलगा आत गेल्यावर.

मधल्या तीन वर्षांचा हिशेब थोडक्यात. मी हात आखडता घेतला तेव्हा त्याने दुसरीकडून मिळवलं. मालेगावात याच अल्प्राझोलमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात आणि ती पानटपरीसारखी सुटी मिळायची, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळा नववीत सुटली. मग व्हाइटनर, रुमालावर घेऊन. देशभरच्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला, त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं. बाकी कुठल्याही नशेत असं नाही. स्वस्त आणि दप्तरात मावणारी. मग एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पूड. ऑक्टोबर 2023 मध्ये शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तोही मुंबईच्या पोलिसांना, तेव्हा सगळ्या नाशिकने तोंडात बोटं घातली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी नाही घातली.

एमडी त्याला का आवडली, हे त्यानेच मला नंतर सांगितलं, आणि ते ऐकून मी गार पडलो. मला वाटलं होतं मजा, किक, मित्रांची चढाओढ. तो म्हणाला, “त्याने झोपच येत नाही ना काका.” ज्याला झोपेत रोज तो फूटपाथ दिसतो, त्याला झोप मोडणारी पूड औषधच वाटणार. आधी झोपेची गोळी, मग झोप उडवणारी पूड, आजार एकच.

एमडीला पैसे लागतात. आधी आईची पर्स, मग बाइकवर मागे बसून मोबाइल ओढणं. ज्यांच्यासोबत तो ओढायचा, त्यांनी त्याला पहिल्यांदा ‘भाऊ’ म्हटलं होतं. तोपर्यंत त्याला सगळे ‘बिचारा’ म्हणत होते. सोळाव्या वर्षी या दोन शब्दांतला कुठला निवडाल?

2024 मध्ये, सतराव्या वर्षी, त्याने टपरीवर एका मुलाच्या खांद्यावर कोयता मारला. पेपरात आलं: किरकोळ कारणावरून. कारण असं होतं. पैशावरून बाचाबाची चालली होती, आणि समोरचा बोलून गेला, “तू तर बापाला पण वेळेवर पोचला नाहीस.” गल्लीत ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्याला वाटत होतं कुणालाच माहीत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग काय कोयता मारणाऱ्याला कुरवाळायचं? नाही. ज्याच्या खांद्याला टाके पडले त्याची आईही माझीच गिऱ्हाईक आहे. पट्ट्या आणि मलम माझ्याकडूनच गेलं. गुन्हा नोंदवा, खटला चालवा, शिक्षा होऊ द्या. आणि धसका घेतलेला प्रत्येक जण गुन्हेगार होतो, असंही कुणी समजू नये. तो तर दुसरा अन्याय होईल. अमेरिकेत कॅथी विडम या बाईंनी लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्या 908 मुलांच्या नोंदी तपासल्या आणि 1989 मध्ये निष्कर्ष छापले. या मुलांना पुढे अटक होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं, पण बहुसंख्य मुलांच्या नावावर गुन्हा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. 1998 मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत तिकडच्याच फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो साध्यासुध्या, नोकरदार माणसांना लहानपणाबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, घरातलं कुणी तुरुंगात, आईला होणारी मारझोड. असे चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. दारू सोडवण्याची शिबिरं घेणाऱ्यांनी दारू कशावरचं औषध म्हणून सुरू झाली, तेही कधीतरी विचारावं.

आणि आपल्याकडे? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी केली, 2007 मध्ये अहवाल आला, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्याबद्दल तर आपण बोलतच नाही. तो मोठा होतो, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो राड्यात.

आमच्या गल्लीतलं दुःख मोठं होतं असं नाही. या जिल्ह्यात कांद्याचे भाव पडल्यावर बापाला गोठ्यात लटकलेलं बघितलेली पोरं आहेत. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये बापाची बोटं गेल्यावर त्याचा पगार आणि स्वभाव दोन्ही बदलताना पाहिलेली आहेत. 21 एप्रिल 2021 ला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण गेले, त्यांच्याही घरात पोरं होती. सरकारने कोविडमध्ये आईबाप दोन्ही गमावलेल्यांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, ते चांगलंच केलं. ती ठेव रात्री तीन वाजता उठून बसलेल्या पोराशी बोलत नाही, एवढंच.

आता तुमच्या हातात काय आहे ते. कायदे नवीन नकोत, आहेत तेच बाहेर काढा.

बाल न्याय कायद्यात परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. या मुलाचा अहवाल त्याच्या आईने मला वाचायला दिला होता. कुणी लिहिला ते सांगत नाही, कारण लिहिणाऱ्या माणसाकडे किती प्रकरणं असतील याचा मला अंदाज आहे. त्यात होतं: वडील मयत, संगत वाईट, अभ्यासात रुची नाही. ‘वडील मयत’ या दोन शब्दांत गोळे कॉलनीची रांग, थर्मास, फूटपाथ सगळं होतं, आणि काहीच नव्हतं. त्या अहवालासाठी मुलासोबत निवांत तासभर बसेल असा माणूस द्या. आणि त्या तासात तो जे बोलेल ते दोषारोपपत्रात जाणार नाही, याची हमी द्या. ती हमी नसेल तर पोरगं तोंड उघडणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात 64-अ कलम आहे. नशेच्या सेवनाचा किंवा थोड्या मालाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो; उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाते. कलम 39 खाली न्यायालयही अशाला उपचारासाठी सोडू शकतं. माझ्या काउंटरवर येणाऱ्या एकाही आईला यातलं काही माहीत नाही. पोलीस ठाण्यात वाँटेड लोकांचे फोटो लागतात, त्यांच्या शेजारी मराठीत एवढं लिहिलेला कागद लावायला किती खर्च येईल? त्याच कागदावर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही टाका.

शल्यचिकित्सक साहेब, 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराचे शंभरातले 86 रुग्ण उपचाराविना सापडले होते. तुमच्याकडे मानसोपचार विभाग आहे, केसपेपर स्वस्त आहे. पण अठराचं पोरगं ‘वेड्यांच्या ओपीडी’त एकटं जाणार नाही. तिथून माणूस पोलीस ठाण्यात यायला हवा, आठवड्यातून एक दुपार पुरे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडला आहे, पोलीस अकादमी त्र्यंबक रोडला. एका शहरात दोन्ही असताना या दोघांची गाठ पडू नये, हे मला नाशिककर म्हणून जरा लाजिरवाणं वाटतं.

आयुक्त साहेब, एक बाजूची गोष्ट. माझ्याकडून झोपेच्या गोळ्या नेणाऱ्यांत तुमचेही लोक आहेत. रीतसर चिठ्ठीवर. त्यांतला एक 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे औरंगाबाद रोडवर जळालेल्या बसपाशी ड्युटीला होता. बारा माणसं गेली त्यात. तो म्हणाला, “डिझेलचा वास आला की जेवण जात नाही.” त्याला कुणी विचारलं नव्हतं. 2003 च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली, तेव्हाचे शिपाई आता निवृत्त झाले असतील. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. कॅमेरे किती लागणार ते छापून येतंय. चौकशीच्या खोलीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना धसका घेतलेली माणसं बसलेली असतील, तर तिथे काय घडतं ते तुम्हीच जास्त जाणता.

तो मुलगा आता अठरा ओलांडून गेलाय, बाहेर आहे. या दिवाळीत दुकानात आला. मी शटर अर्धं ओढून त्याला आत बसवलं आणि साडेचार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. रेमडेसिव्हिरने मृत्यू टळतात असा तेव्हा पुरावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्येच, म्हणजे तो रांगेत उभा राहण्याच्या पाच महिने आधी, हे इंजेक्शन वापरू नये असा सल्ला दिला होता. तो वेळेवर पोचला असता तरी वडील वाचले असते असं कुणी म्हणू शकत नाही. तो उशिरा पोचला म्हणून ते गेले नाहीत.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नक्की?”

“नक्की.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्दी होती, असं म्हणालो असतो तर तो हसला असता. त्या दिवशी माझ्या काउंटरवर हे दोन मिनिटांचं काम होतं. तो लगेच सुधारला असं समजू नका. जिल्हा रुग्णालयात माझ्यासोबत दोनदा आला, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. परत प्रयत्न करतोय.

आणि गेल्या आठवड्यात ज्याला कोयता लागला होता त्या मुलाची आई आली. खांदा बरा झालाय. पण तो संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नाही, बाइकचा आवाज आला की उठून कडी तपासतो. तिच्या हातात चिठ्ठी होती. अल्प्राझोलम 0.25, पाच दिवस. मी पाच दिवसांच्या मोजून दिल्या, नोंद केली, आणि मग विचारलं, मुलगा काय म्हणतो? ती काउंटरला टेकून पाऊण तास बोलली. मागे चार गिऱ्हाइकं थांबली होती, दोन निघून गेली. फिर्यादी म्हणून त्या मुलाचा जबाब तुमच्याकडे आहे. त्याच्यासाठीही तोच एक तास मागतोय.

माझं दुकान गुरुवारी बंद असतं. कुठल्याही गुरुवारी, कुठल्याही ठाण्यात बोलवा. गोळ्यांबद्दल, त्यांच्या सवयीबद्दल, घरच्यांनी काय बघायचं याबद्दल मी सांगू शकतो. माझ्या न केलेल्या नोंदींबद्दल बोलवायचं असेल तरी येईन.

आपला,
सिडकोतला एक औषध विक्रेता

ता. क. – ती व्हायल अजून माझ्याकडे आहे. मुदत केव्हाच संपली. संपलेला माल वेगळा काढून नष्ट करायचा असतो, बाकीचा सगळा करतो. ही फ्रीजमध्ये, इन्सुलिनच्या मागे ठेवली आहे. तिला फ्रीज लागत नाही, हे मला माहीत आहे.